विजय जमा, शेजारी नावे

‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ ही म्हण ज्या कुणा भल्या माणसाने काढली, त्याने आम्हा परभणीकरांवर केवढी जबाबदारी टाकून ठेवली आहे याची त्याला कल्पना नसावी. म्हणीचा अर्थ मात्र विचारू नका. आम्ही ती सांगतो, सांगून झाल्यावर थोडंसं हसतो, ऐकणाराही हसतो आणि तेवढ्यात चहा येतो. अर्थावाचून आजवर कुणाचं अडलेलं नाही. पण दर चार वर्षांनी फुटबॉलचा वर्ल्डकप आला की आमची पंचाईत होते. बाकीच्या देशाला ब्राझील घ्या, अर्जेंटिना घ्या, अशी मोकळीक. परभणीच्या माणसाला मात्र जर्मनीच. पाळण्यात लग्न लावून दिल्यासारखं!

आता २०१४ चीच गोष्ट घ्या. ८ जुलैला जर्मनीने ब्राझीलला सात-एक असं हरवलं, आणि तेही ब्राझीलच्याच घरात, बेलो होरिझोंटे या गावी. पहिल्या अर्ध्या तासाच्या आत पाच गोल! आमच्या गल्लीतल्या पोरांच्या क्रिकेटमध्येसुद्धा एवढ्या वेळात पाच विकेटी पडत नाहीत. पुढे पाच दिवसांनी जर्मनीने अर्जेंटिनाला एक-शून्य हरवून कपही घेतला. म्हणीच्या हिशेबाने त्यातला निम्मा कप परभणीचा होता. पण मी सांगतो, गावात एक लवंगी फटाका वाजला नाही. स्टेशन रोडला नाही, वसमत रोडला नाही, जिंतूर रोडला तर नाहीच नाही.

मी या प्रश्नाचा पुष्कळ विचार केला. कारण अगदी साधं आहे. परभणीत ब्राझीलचा माणूस राहत नाही. हरलेला माणूस गल्लीत नसेल तर जिंकलेल्याने फटाका वाजवायचा कुणाच्या दारात?

कॉमर्सच्या पदवीचा संसारात उपयोग काय, असा प्रश्न आमच्या घरी अधूनमधून निघतो. गॅसचं पुस्तक कुठं ठेवलंय ते न सापडल्यावर तर हमखास. त्याचं उत्तर मी इथे लेखी देऊन ठेवतो. बी.कॉम.च्या पहिल्या वर्षी आमच्या डोक्यात एकच खिळा ठोकून बसवला होता. प्रत्येक जमेला कुठेतरी नावे पडलंच पाहिजे. एका खात्यात शंभर रुपये जमा झाले आणि दुसऱ्या कुठल्याच खात्यात नावे पडले नाहीत, तर रात्रीचे आठ वाजले तरी ताळा जमत नाही आणि घरी जाता येत नाही. (हल्ली ताळा कॉम्प्युटर जमवतो. तरीही घरी जायला आठ वाजतातच. ते का, हे कॉम्प्युटरलाही माहीत नाही.) विजयाचंही तसंच आहे. आनंद एकाच्या खात्यात जमा झाला की तेवढीच रक्कम दुसऱ्या कुणाच्या तरी खात्यात नावे पडावी लागते. ती दोन्ही खाती एकाच शाखेत असली तर प्रश्नच नाही, काम जागच्या जागी. पूर्वी परगावचा चेक असला की तो क्लिअरिंगला जायचा, कमिशन कापलं जायचं, आणि पैसे हातात पडेपर्यंत खर्चाची हौस मावळलेली असायची. ब्राझीलवरचा विजय हा परगावचा चेक. शेजारच्या पेठेवरचा विजय म्हणजे रोख!

हे ज्ञान मला कॉलेजात झालं नाही. ते कोल्हापुरात झालं. बँकेने मला परभणीतून उचलून तीन वर्षांसाठी तिथल्या शाखेत नेऊन ठेवलं होतं. मराठवाड्याच्या माणसाला कोल्हापूर म्हणजे पाण्याचा मुलूख. इकडे पंचगंगा, तिकडे रंकाळा. पहिले आठ दिवस मी नुसता पाणी बघत हिंडत होतो. कोल्हापूर कुस्तीचं गाव, हे आम्हाला शाळेपासून ठाऊक. शाहू महाराजांनी बांधलेलं खासबागेचं मैदान, तांबडी माती, तालमी, सगळं ऐकून होतो. पण ते तितकंच फुटबॉलचंही गाव आहे हे मला कुणी सांगितलेलं नव्हतं. आणि गंमत अशी, की संघांची नावंही तालमींचीच. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम. शिवाय शिवाजी तरुण मंडळ आहे, प्रॅक्टिस क्लब आहे. मातीत अंग घुसळणाऱ्यांची पोरं-नातवंडं फुटबॉलला लागली, पण घरचा पत्ता तोच राहिला. ‘अमुक तालमीने दोन गोल चढवले’ हे वाक्य मी पेपरात पहिल्यांदा वाचलं, तेव्हा ती तालीम दगडी भिंती आणि कौलांसकट चड्डी घालून मैदानात धावते आहे असं चित्र माझ्या डोळ्यांपुढे उभं राहिलं.

सामने होतात राजर्षी शाहू स्टेडियमवर आणि भरवते कोल्हापूर स्पोर्ट्‌स असोसिएशन, म्हणजे गावच्या भाषेत ‘केएसए’. आधी लीग, मग एकामागून एक चषकांच्या स्पर्धा, असं उन्हाळा तापेपर्यंत चालतं. पण खरी मौज पेठांची आहे. मंगळवार पेठ आणि शिवाजी पेठ. एकीतून दुसरीत पायी जाता येतं. दोन्हीकडचे लोक एकाच अंबाबाईला जातात, एकाच रंकाळ्यावर भेळ खातात, एकमेकांकडे मुली देतात. आणि फुटबॉलच्या दिवशी एकमेकांकडे असे बघतात, की मुली दिल्याचा पश्चात्ताप होत असावा.

आमच्या शाखेत कॅशियर शिवाजी पेठेचे होते. त्यांना सगळे अण्णा म्हणत. शिपाई मंगळवार पेठेचे, ते मामा. दोघांच्या तालमींची नावं मी सांगणार नाही, कारण मला अजून कोल्हापूरला पाहुण्यांकडे जायचं असतं. दोघांची अठरा वर्षं एकाच शाखेत गेलेली. दुपारी डबा एकत्र. अण्णांच्या मुलीच्या लग्नात मामा पंक्तीत जिलबी वाढत होते आणि ‘अजून एक, अजून एक’ म्हणून आग्रह करत होते. पण मॅचच्या दोन दिवस आधीपासून ‘अण्णां’चे ‘कॅशियरसायेब’ व्हायचे आणि ‘मामां’चे नुसतेच ‘अहो’. डबे वेगळे उघडायचे. ठेच्याची देवाणघेवाण बंद!

पहिल्याच आठवड्यात मामांनी मला पाण्याचा ग्लास देता देता विचारलं, “सायेब, तुम्ही कुणाकडचं?”

“परभणीकडचा.”

“तसं न्हवं. पाटाकडचं का कुणाकडचं?”

आता आमच्याकडे पाट म्हणजे जायकवाडीचा डावा कालवा. त्याच्या बाबतीत चुरस एवढीच, की यंदा पाणी सुटणार की नाही. मी म्हटलं, “पाटाला पाणी आलं तर पाटाकडचा, नाही आलं तर बोअरकडचा.”

मामांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि सगळ्या शाखेत जाहीर करून टाकलं, “सायेब न्यूट्रल हाईत.” कोल्हापुरात न्यूट्रल माणूस म्हणजे दोन्ही बाजूंचं ऐकून घ्यायची शिक्षा झालेला माणूस. अलीकडच्या हंगामांत या तालमींकडून आफ्रिकेतले खेळाडूही खेळून गेले. असा एखादा खेळाडू समुद्र ओलांडून यायचा, दोन गोल मारायचा आणि महिन्याभरात ‘पेठेचं पोरगं’ होऊन जायचा. मी एसटीने एका रात्रीत आलेला माणूस, तीन वर्षं ‘मराठवाड्याचे सायेब’ म्हणूनच राहिलो. गोल मारल्याशिवाय कोल्हापूर कुणाला आत घेत नाही.

न्यूट्रल असल्याने माझ्या बाबतीत एक तह झाला. पहिला हाफ अण्णांच्या शेजारी बसायचं, दुसरा मामांच्या. दोघांच्या गॅलऱ्या वेगवेगळ्या, मधे पोलिसांची रांग. हाफटाइमला मी ती ओलांडायला गेलो तेव्हा हवालदाराने काठी आडवी धरून विचारलं, “इकडचे का तिकडचे?”

“बँकेचा,” मी म्हटलं.

“जावा,” हवालदार म्हणाला. कर्जाचा हप्ता थकलेला असावा.

त्या दिवशी शेवटची पाच मिनिटं उरली असताना मामांच्या तालमीने गोल केला. तो कसा झाला हे मला सांगता येणार नाही, कारण माझ्यापुढचे सगळे उभे होते आणि माझ्या पाठीवर एक अनोळखी आजोबा चढले होते. पण एक गोष्ट मी नीट पाहिली. गोल मारणारा पोरगा कोपऱ्यातल्या झेंड्याकडे हात पसरून धावत सुटला होता, आणि आमच्या गॅलरीतलं एक माणूस त्याच्याकडे पाहत नव्हतं. सगळी गॅलरी समोरच्या गॅलरीकडे पाहत होती. मामा तर डोळ्यांवर हात धरून, शेतात दूरवर चुकलेली म्हैस शोधावी तसे अण्णांना शोधत होते. अण्णा दिसल्यावर त्यांनी ओरडायला सुरुवात केली. तोवर त्यांनी आवाज राखून ठेवला होता.

मग मिरवणूक. हलगी, घुमकं, कैताळ. गुलाल तर इतका, की दुसऱ्या दिवशी कॅशमध्ये आलेल्या नोटांवरून कोण कुठल्या पेठेचा ते सांगता यावं. पुंगळ्या काढलेल्या मोटारसायकली, म्हणजे सायलेन्सरमधला आवाज दाबणारा भाग काढून टाकलेल्या. माणसाला घसा असतो तो दोन तासांत बसतो. मोटारसायकलचा बसत नाही, हे ज्याच्या लक्षात आलं तो इंजिनियरच असला पाहिजे. स्टेडियमपासून तालमीपर्यंत फार तर अर्ध्या तासाचा रस्ता. मिरवणूक अडीच तास फिरली. मी मामांना विचारलं, “मामा, सरळ का जात नाही?”

“सायेब, सरळ रस्त्याला समदी आपलीच माणसं हाईत. त्यास्नी काय दाखवायचं?”

विजयाच्या मिरवणुकीचा मार्ग हा घरी जाण्याचा मार्ग नसतो. तो हरलेल्यांच्या खिडक्या कुठल्या बाजूला उघडतात त्यावर ठरतो. पोलिसांनाही हे माहीत असतं, म्हणून ते बरोबर त्या पेठेच्या तोंडाशी उभे राहतात आणि मिरवणूक वळवतात. मग मिरवणूक त्या कोपऱ्यावर वीस मिनिटं उभी राहते आणि हलगीवाले जीव तोडून वाजवतात. माणूस अडवता येतो. आवाजाला अजून बंदोबस्त निघालेला नाही.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम लवकर बँकेत गेलो. मला वाटलं, आता मामा अण्णांना सळो की पळो करणार. तसं काहीच झालं नाही. मामांनी नेहमीप्रमाणे टेबलं पुसली, रजिस्टरं लावली, आणि अकरा वाजता अण्णांच्या काउंटरवर चहाबरोबर एक पेढा ठेवला.

“कशाचा?” अण्णांनी नोटा मोजता मोजता विचारलं.

“काय न्हाई. असाच. सहज.”

या ‘सहज’मध्ये जे विष होतं ते शंभर पुंगळ्यांत नव्हतं. बिचाऱ्या अण्णांची अवस्था बघण्यासारखी झाली. पेढा परत करावा तर हार मनाला लागली असं होणार. खावा तर मामांच्या देखत गिळावा लागणार. अखेर अण्णांनी नियमात बसणारा मार्ग काढला. त्यांनी पेढा उचलून फाटक्या नोटांच्या कप्प्यात टाकला आणि म्हणाले, “खराब हाय. रिझर्व्ह बँकेला पाठवतो.”

हा प्रकार फक्त कोल्हापूरचाच आहे असं समजू नका. कलकत्त्यात ईस्ट बंगाल जिंकलं की इलिश मासा आणि मोहन बागान जिंकलं की कोळंबी, अशी विजयाची खाती पार स्वयंपाकघरापर्यंत वाटलेली आहेत. १३ जुलै १९९७ ला फेडरेशन कपाच्या उपांत्य सामन्यात हे दोघे समोरासमोर आले तेव्हा सॉल्ट लेक स्टेडियमवर एक लाख एकतीस हजारांवर माणसं जमली होती. ईस्ट बंगालने तो चार-एकने जिंकला, भायचुंग भुतियाने तीन गोल मारले. त्या रात्री शहरात इलिशला काय भाव आला असेल याचा विचार करून माझ्यातला कारकून अस्वस्थ होतो. कोल्हापुरात ही भानगड नाही. तिथे जिंकलं तरी मटण आणि हरलं तरी मटण. फक्त हरलेल्या घरात तांबड्या रश्श्यात तिखट थोडं जास्त पडतं, म्हणजे डोळ्यांतल्या पाण्याला कारण सांगता येतं.

हॉलंडचं पाहा. १९७४ च्या वर्ल्डकपच्या अंतिम सामन्यात पश्चिम जर्मनीने त्यांना दोन-एक असं हरवलं. शेजारी तो, रोज दिसणारा. डच लोकांनी ते चौदा वर्षं मनात धरून ठेवलं. २१ जून १९८८ ला युरोपियन स्पर्धेच्या उपांत्य सामन्यात, जर्मनीच्याच हॅम्बुर्गमध्ये, त्यांनी बरोबर दोन-एकनेच परतफेड केली. रक्कम तीच, व्याज माफ. त्या रात्री हॉलंडमधले लाखो लोक रस्त्यावर नाचत होते. अंतिम सामना अजून चार दिवसांवर होता! तो त्यांनी जिंकलाही, पण कप नुसता कप असतो. तो कपाटात ठेवता येतो; शेजाऱ्याच्या खिडकीखाली वाजवता येत नाही.

आणि ब्युनोस आयर्सची गोष्ट तर मामांना मी मुद्दाम सांगितली. बोका ज्युनियर्स आणि रिव्हर प्लेट, एकाच गावचे दोन क्लब. २०१८ साली दक्षिण अमेरिकेतल्या क्लबांच्या सर्वांत मोठ्या स्पर्धेच्या अंतिम फेरीत हे दोघेच उरले. निर्णायक सामन्याच्या दिवशी बोकाच्या बसवर हल्ला झाला, काचा फुटल्या, खेळाडूंना लागलं. सामना लांबला, आणि अखेर ९ डिसेंबरला तो खेळवला कुठे, तर महासागर ओलांडून स्पेनमध्ये, माद्रिदला. रिव्हरने तीन-एकने जिंकला.

मामा लक्ष देऊन ऐकत होते. शेवटी म्हणाले, “मग गुलाल कुठं उधळला?”

“तिथंच, माद्रिदला.”

“काय उपेग? तितं त्यास्नी कोण वळखतंय?” असं म्हणून मामांनी एका मोठ्या ऐतिहासिक विजयाचा निकाल लावला.

हसण्यावारी नेलं तरी या खात्याची एक दुसरी बाजू आहे, आणि ती लपवली तर हिशेब खोटा होईल. १६ ऑगस्ट १९८० ला कलकत्त्याच्या ईडन गार्डन्सवर याच ईस्ट बंगाल-मोहन बागान सामन्यात प्रेक्षकांत मारामारी झाली, पळापळ झाली आणि सोळा माणसं घरी परत गेली नाहीत. मॅच बघायला गेलेली माणसं. कोल्हापुरातही दगड पडले आहेत, काठ्या चालल्या आहेत. ज्याला नावे टाकायचं तोच जागेवर उरला नाही, तर जमा तरी कशाला म्हणायचं?

असा एक दिवस आमच्याही वाट्याला आला. मॅच संपता संपता कुठून तरी दगड यायला लागले. पहिला कुणी टाकला ते कुणालाच कळलं नाही. पहिला दगड नेहमीच बेवारशी असतो. माणसं वाट फुटेल तिकडे पळाली. मी भिंतीला पाठ लावून उभा होतो. माझ्यासमोरून मामा उलट्या दिशेने, गर्दी कापत, समोरच्या गॅलरीकडे गेले आणि अण्णांना दंडाला धरून घेऊन आले. अण्णांना दम लागला होता, पायातली एक चप्पल गेली होती. मामांनी दोघांनाही आपल्या घरी नेलं. मंगळवार पेठेत! अण्णांना कॉटवर बसवलं, वहिनींनी ताटं केली, आणि बाहेर सगळं शांत होईपर्यंत, म्हणजे रात्री दहापर्यंत, मामांनी त्यांना हलू दिलं नाही. त्या दिवशीही जिंकले होते मामाच. त्यामुळे तेवढ्या वेळात अण्णांना गोल कसा झाला ते सहा वेळा ऐकावं लागलं. सहाव्यांदा तर तांब्या, वाटी आणि मीठदाणी मांडून. परत जाताना रिक्षात अण्णा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “सायेब, एक दगड परवडला असता.”

२०१७ साली मात्र एकदा दोघे एका बाजूला आले. सतरा वर्षांखालच्या मुलांचा वर्ल्डकप आपल्याकडे भरला आणि भारताच्या संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव. अण्णा-मामांनी एकाच टीव्हीसमोर एकाच सतरंजीवर बसून सामने पाहिले. अनिकेतच्या पायात बॉल आला की दोघेही अर्धे उठायचे. भारत तिन्ही सामने हरला. दोघांना सारखंच वाईट वाटलं. आणि मी पाहिलं, दोघांनाही काही सुचेना. सांत्वन करावं तर समोरचाही तितकाच दुःखी, टोमणा मारावा तर कुणाला? शेवटी मामा म्हणाले, “आपली लीग कवा सुरू हुतीया?” आणि अण्णांच्या चेहऱ्यावर जरा रंग आला.

माझ्या तिसऱ्या वर्षी अण्णा रिटायर झाले. मुलगा पुण्याला. त्याने आईवडिलांना तिकडे नेलं. सेंड-ऑफला मॅनेजरांनी भाषण केलं, शाल-श्रीफळ दिलं. मामा काही बोलले नाहीत. त्यांनी सगळ्यांना पेढे वाटले आणि अण्णांना दोन दिले. अण्णांनी त्या दिवशी दोन्ही खाल्ले.

त्यानंतरच्या हंगामात मामांच्या तालमीने अण्णांच्या तालमीला पुन्हा हरवलं. चांगलं दोन-शून्य. मी मिरवणुकीत मामांच्या शेजारून चाललो होतो. गुलाल होता, हलगी होती, पोरं नाचत होती, पण मामांचं काही मन लागेना. ते पेठेच्या कोपऱ्यापर्यंत आले, पलीकडे पाहिलं आणि उगाच टोपी काढून परत घातली. मग खिशातून मोबाइल काढला, कपाळाजवळ धरून नंबर शोधला आणि फोन लावला.

“अण्णा, ऐकू येतंय न्हवं?”

पलीकडून काय उत्तर आलं ते मला कळलं नाही. मामांनी फोन असलेला हात सरळ वर केला, हलगीवाल्याच्या डोक्यावर धरला आणि त्याला डोळ्यांनी खूण केली. हलगीवाला पेटला. घुमकंवाला त्याच्या मागे. मामांचा हात दुखायला लागला की ते हात बदलायचे. पाच मिनिटं झाली, सात मिनिटं झाली. पुण्यातल्या कुठल्याशा चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये एक म्हातारा माणूस कानाला फोन लावून आपल्याच तालमीच्या पराभवाची मिरवणूक ऐकत बसला होता, आणि फोन कट करत नव्हता. फोन ठेवणं त्याच्या हातात होतं की हो! एक बटण दाबायचं. पण अकरा मिनिटं त्याने दाबलं नाही. मी घड्याळात पाहिलं म्हणून सांगतो, अकरा मिनिटं.

हलगी थांबल्यावर मामांनी फोन कानाला लावला. आता गोंगाट कमी झाल्याने मलाही ऐकू आलं. अण्णा म्हणाले, “ऑफसाइड हुता.”

“तुम्ही पुण्यात बसून बघितलासा व्हय?”

“बघायला कशाला पायजे? तुमचा गोल म्हंजे ऑफसाइडच.”

मामांच्या तोंडावर गुलालाच्या आतून जे हसू आलं ते मी विसरलो नाही. ताळा जमला होता.

मी आता परभणीला परत आलो आहे. इथे सगळं ठीक आहे, पण एक उणीव जाणवते. आम्हाला हरवायला जवळचं कुणी नाही. फुटबॉलशी आमचा संबंधच नाही म्हणाल, तर तसंही नाही. परभणी १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होती, आणि त्याच काळात, १९५० पासून १९५४ पर्यंत, हैदराबाद सिटी पोलिसांच्या संघाने मुंबईचा रोव्हर्स कप लागोपाठ पाच वर्षं नेला. म्हणजे कागदोपत्री पाहिलं तर आम्ही पाच वेळा मुंबईला हरवून आलो आहोत. आमच्या आजोबांना हे कुणी कळवलं नसावं, नाहीतर वाड्यावरून मिरवणूक गेल्याचं त्यांनी सांगितलं असतं.

आता शेजारी म्हणाल तर हिंगोली. ती १ मे १९९९ ला आमच्यातूनच वेगळी निघाली. पण ते घरातलं भांडण, वाटण्या झाल्या, विषय संपला. उरलं नांदेड. पूर्णेवरून रेल्वेने जेमतेम दीड तास. त्यांच्याकडे गोदावरी, त्यांच्याकडे रेल्वेचं डिव्हिजन, त्यांच्याकडे विमानतळ. १९९४ साली विद्यापीठही त्यांच्याकडेच गेलं. आमच्याकडे १९७२ पासून कृषी विद्यापीठ आहे, हे आम्ही प्रत्येक वादात दोनदा सांगतो. प्रतिस्पर्धी म्हणून नांदेडमध्ये काही उणं नाही. अडचण एकच आहे. आपण परभणीचे प्रतिस्पर्धी आहोत, हे नांदेडला माहीतच नाही. त्यांच्या नजरा औरंगाबादकडे, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरकडे लागलेल्या.

तेव्हा नांदेडच्या वाचकांना माझी एकच विनंती आहे. हे वाचून त्यांनी थोडं तरी चिडावं. कोणत्याही वाक्यावर चिडलं तरी चालेल. चिडल्याचं दोन ओळींचं पत्र टाकलं, तर पुढच्याच गाडीने मी पेढे घेऊन येतो. कशाचे म्हणून विचारलं तर सांगेन, सहज.